बंब येईपर्यंत गावाने काय करायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अग्निशमन सेवा सप्ताहातल्या प्रात्यक्षिकांची छायाचित्रे आपल्या अंकात पाहिली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाले आणि आग विझवता विझवता अग्निशमन दलाचे जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. छायाचित्रे सगळी शहरातली होती. मी भुदरगड तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो आणि गावच्या दूध संस्थेचे काम पाहतो. आमच्याकडे आग लागते तेव्हा काय होते, ते लिहावेसे वाटले.

गेल्या फाल्गुनात शेजारच्या गोठ्याने पेट घेतला. भर दुपार, वारा सुटलेला आणि गोठ्याला लागूनच गवताची व्हळी, म्हणजे गंजी. कुणीतरी लगेच बंबासाठी फोन लावला. दुसऱ्याने खांबावरची लाईट बंद करवली. ते बरोबरच केले, पण लाईट गेली आणि गावातल्या पाणी उपसायच्या सगळ्या मोटारी थांबल्या. पन्नास पावलांवर विहीर, विहिरीत पाणी, आणि ते वर काढायला काहीच नाही! ट्रॅक्टरचा पाण्याचा टँकर आणला. त्याचा खालचा कॉक सोडला, तर मनगटाएवढी धार पायाशीच पडायला लागली. टँकरच्या पाण्याला जोर नसतो, हे त्या दिवशी सगळ्या गावाला कळले. मग घागरी, बादल्या, कळश्या, हाताला येईल ते. एक पोरगा विळा घेऊन आत शिरला आणि त्याने दोन म्हशींची दावी कापली. म्हशी बाहेर आल्या. रेडकाकडे वळेपर्यंत आढे खाली आले.

बंब पाऊण तासाने पोहोचला. त्या जवानांना बोल लावायला मी हे लिहीत नाही. वळणावळणाच्या रस्त्याने भरलेली गाडी याहून लवकर येऊच शकत नाही. त्यांनी अंधार पडेपर्यंत राबून शेजारची दोन घरे वाचवली. पण वाळल्या गवताची आग पाऊण तास कुणासाठी थांबते? आमच्या भागात बंब आहेत ते नगरपालिकांकडे, नाहीतर साखर कारखान्यांकडे. उसाच्या फडावर तारांची ठिणगी पडली तरी हीच गत. ऊस जळतो तो जळतोच, वर जळीत ऊस म्हणून त्याच्या पैशात कपात लागते.

याचे मूळ कायद्यातही आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचे काम म्हणून लिहिले आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत अग्निशमन नाही. म्हणजे खेड्यातली आग विझवणे हे तिथे कुणाच्याच नावावर नाही. केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना आणली, पण ती राज्यांच्या मार्फत. तो पैसा आमच्या वाडीपर्यंत येण्याची वाट पाहत बसलो तर अजून किती उन्हाळे जातील?

म्हणून माझे म्हणणे असे, की आग विझवायच्या आपल्या पंपासाठी गावांनी स्वतः वर्गणी काढावी. मोठी लाल गाडी नको. ती घेतली तर चालक, विमा, टायर, सगळेच परवडायला हवे. ट्रॅक्टरमागे जोडता येईल असा, स्वतःच्या इंजिनावर चालणारा पंप पुरे, म्हणजे लाईट नसली तरी विहिरीतून किंवा टँकरमधून जोराने पाणी मारता येईल. जोडीला भक्कम होज, होजच्या तोंडाला लावायची नळी, चार-पाच हेल्मेट, बूट, जाड हातमोजे. आणि ते सगळे चालवायला शिकलेली सहा-सात पोरे. गावात तालीम आहे, तरुण मंडळ आहे, पुराच्या वेळी गळ्याइतक्या पाण्यात उतरलेली पोरे आहेत. त्यांना शिकवायला जवळच्या नगरपालिकेचे जवान आनंदाने येतील. मी विचारून पाहिले आहे.

अमेरिकेतल्या लहान गावांत अग्निशमन दल बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकांचेच असते आणि त्यांच्या साहित्यासाठी गावकरी एकत्र जेवण ठेवून पैसे जमवतात. जेवणावळीतून पैसा उभा करणे आपल्याला कुणी शिकवायला नको. जत्रेचा महाप्रसाद, मंदिराचा कळस, वेशीवरची कमान, सगळे आपण लोकवर्गणीतूनच केले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा अख्ख्या जिल्ह्याच्या जिवाला चटका बसला. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेली ती वास्तू शहराच्या मध्यावर होती, तरी आगीने ऐकले नाही. गोठा जळतो तेव्हा जिल्ह्याला कळत नाही, पण त्या घराचे वर्षभराचे दूध त्यात जाते.

पैशाचा हिशेबही मांडून पाहिला. आमच्या संस्थेत दूध घालणारी साधारण ३०० घरे आहेत. दर दहा दिवसांच्या बिलामागे, सभेची मंजुरी घेऊन, १० रुपये बाजूला काढले तर वर्षाच्या ३६ बिलांत १ लाख ८ हजार होतात. त्यात पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी हात दिला तर काम नक्की होते. ही मंडळी जत्रेला येतात, पावती फाडतात आणि देवाला मनापासून देतात. एक पावती पंपासाठीही फाडा, अशी त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मात्र पावतीपुस्तक छापण्याआधी गणेश मंडळे घेतात तशी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि जमा-खर्च संस्थेच्या फळ्यावर लावावा. गावाचा विश्वास एकदा गेला की दुसरी वर्गणी निघत नाही.

देणाऱ्यांना आणखी एक सांगायचे आहे. पंप घेऊन देणारे भेटतात, पण डिझेल, फाटलेला होज, वर्षाची दुरुस्ती याला पैसे देणारे भेटत नाहीत. एका गावात मी दान मिळालेला पंप ग्रामपंचायतीमागच्या शेडमध्ये पाहिला. होज उंदरांनी कुरतडलेला, टाकीत इंजिनाचे तेल गोठून बसलेले. दिला त्याने चांगल्या मनानेच दिला होता. म्हणून जमलेल्या पैशातला तिसरा हिस्सा देखभालीसाठी बँकेत वेगळा ठेवावा, असे मी सुचवतो.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. पंप आला तर तो संस्थेच्याच खोलीत ठेवायचा, असे त्यात लिहिले आहे. दूध घ्यायला ती खोली सकाळ-संध्याकाळ उघडतेच, किल्ली कुणाकडे आहे हे लहान पोरालाही ठाऊक असते, आणि दर रविवारी सकाळचे दूध गेल्यावर इंजिन पाच मिनिटे चालवून बघता येईल.

आपला,
दूध संस्थेचा एक कार्यकर्ता
ता. भुदरगड, जि. कोल्हापूर