तुमच्या सिस्टिममध्ये ‘कम्प्लीट’ झालेली माझी टेस्ट ड्राइव्ह

पुणे, २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
विभागीय विक्री व्यवस्थापक आणि ग्राहक सेवा प्रमुख

विषय: न झालेली टेस्ट ड्राइव्ह झाल्याची नोंद आणि मी न दिलेले पाच स्टार

आज दुपारी साडेतीनला तुमच्या कॉल सेंटरचा फोन आला. या प्रकरणातला हा सहावा. ‘मॅम, सिस्टिममध्ये तुमची टेस्ट ड्राइव्ह कम्प्लीट दाखवतंय, आणि तुम्ही फाइव्ह स्टार दिलेत.’ मी म्हटलं, मी एकही स्टार दिलेला नाही. ‘पण तुम्ही ओटीपी शेअर केलाय ना?’ हो, केलाय. किल्ली हातात द्यायच्या आधी तुमचा माणूस ओटीपी मागतो, तो दिल्याशिवाय किल्ली मिळत नाही. ‘मग झाली ना मॅम कम्प्लीट?’ मी विचारलं, ओटीपी आधी घेतला, गाडी नंतर चालवली, तर स्टार नेमके कधी पडले? पलीकडून थोडा वेळ कीबोर्ड वाजला. मग, ‘अजून काही मदत करू शकते का?’

अजून!

म्हणून हे पत्र. गाडी तुमचीच आहे, त्यामुळे ती कशी आहे हे तुम्हाला सांगत बसत नाही. १.५ लिटर पेट्रोल, सीव्हीटी म्हणजे ऑटोमॅटिक गिअर, मधला व्हेरियंट, १६ इंची चाकं. एवढंच मला चालवून बघायचं होतं. हे मी वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये भरलं, फोनवर सांगितलं, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. दिवाळीच्या गर्दीत तुम्हाला त्रास नको म्हणून नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबले.

रविवारी, ९ नोव्हेंबरला सकाळी अकराला गाडी घरी येणार होती. ती बारा चाळीसला आली, पेट्रोलचा दिवा लागलेला. आणि मॅन्युअल. मी म्हटलं, मी ऑटोमॅटिक सांगितली होती. ‘फील सेमच आहे मॅडम.’ फील सेमच असेल तर ऑटोमॅटिकचे लाखभर रुपये जास्त कशाचे घेता, हे मला लेखी कळवावं. मी ती गाडी चालवली नाही. ओटीपी मात्र तोवर देऊन झाला होता. म्हणजे तुमची पहिली ‘कम्प्लीट’ टेस्ट ड्राइव्ह माझ्या सोसायटीच्या गेटपाशी, गाडी जागची न हलता पार पडली.

शनिवारी, १५ तारखेला आम्ही शोरूमला गेलो. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान आणि आई. आता जे लिहिते आहे ते जरा सविस्तर लिहिते, कारण फोनवर हे सांगायला लागलं की तुमची माणसं ‘नोट केलंय मॅम’ म्हणून तोडून टाकतात.

तुमच्या सेल्समननं माझ्या यजमानांशी हस्तांदोलन केलं. आईला नमस्कार केला. मला विचारलं, ‘मॅडम, चहा की कॉफी?’ मग यजमानांकडे वळून, ‘सर, गाडी मेनली कोण चालवणार?’

यजमान म्हणाले, ‘ही.’

‘हो, पण मेनली?’

‘हीच.’

‘नाही, म्हणजे हायवेला वगैरे?’

‘हायवेलाही हीच. मला गाडी येत नाही.’

तो हसला. त्याला वाटलं सर गंमत करताहेत. सर गंमत करत नव्हते. माझ्या यजमानांकडे चारचाकीचं लायसन्स नाही, कधीच नव्हतं. ते कॉलेजात मराठी शिकवतात आणि सव्वीस वर्षं माझ्या डावीकडे बसून पेंगतात. हे मी त्याला सांगितलं. आता तरी गाडी रुळावर येईल असं वाटलं. तर तो म्हणाला, ‘मग सर, तुम्हाला को-ड्रायव्हर साइडची लेगरूम दाखवतो. मॅडम, तुम्ही तोवर कलर बघून घ्या, सात शेड आहेत.’

माझ्या पर्समध्ये लायसन्स होतं, शोरूमच्या पार्किंगमध्ये तुमच्याच कंपनीची मी स्वतः चालवत आणलेली २०१२ सालची हॅचबॅक होती, आणि मी कलर बघायचे.

इतक्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण मग तो टेबलावर कागद घेऊन यजमानांना जीएसटी समजावायला बसला. ‘सर, गव्हर्मेंटनं आता सगळ्या गाड्यांवर अठरा टक्के केलाय.’ मी गेली एकवीस वर्षं कर सल्लागार आहे. लोक मला जीएसटी कळतो म्हणून पैसे देतात. मी मुद्दाम गप्प बसले, कुठवर जातोय ते बघू म्हटलं. तो बराच लांब गेला. शेवटी न राहवून सांगितलं, की २२ सप्टेंबरपासून अठरा टक्के आहे तो चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला. तुमची ही गाडी लांबीनंही त्यात बसत नाही आणि इंजिननंही. हिला चाळीस टक्के. पूर्वी सेस धरून पंचेचाळीस होता, तो कमी झाला एवढंच. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि यजमानांना विचारलं, ‘असं आहे का, सर?’

मी पुन्हा सांगते: त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं की असं आहे का. माझ्या नवऱ्याला आमच्या घरचं लाइटबिल किती येतं तेही माहीत नाही.

सुरक्षिततेचं रेटिंग विचारलं. भारत एनकॅप ही सरकारी क्रॅश टेस्ट सुरू होऊन दोन वर्षं झाली, मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार वेगवेगळे देतात, तर या गाडीचं काय, एवढा साधा प्रश्न. त्यानं उत्तरादाखल बॉनेटवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. ‘पत्रा ऐका, सर.’ क्रॅश टेस्टची ही पद्धत तुमच्या इंजिनिअरांना माहीत आहे का? उगीच एवढ्या गाड्या भिंतीवर आपटतात बिचारे.

मग एकदाची टेस्ट ड्राइव्ह. गाडी ऑटोमॅटिक होती, मान्य. पण टॉप मॉडेल. सतरा इंची चाकं, सनरूफ. मला जी घ्यायची होती तिचे टायर वेगळे, खड्ड्यातून जातानाचा धक्का वेगळा, हे मी तुम्हाला कशाला सांगू? निघताना ट्रिप मीटर शून्यावर केला. परत आलो तेव्हा २.३ किलोमीटर. शोरूम, पुढचा सिग्नल, यू-टर्न, शोरूम. सव्वाआठ मिनिटं, त्यातली तीन सिग्नलला. वेग सगळ्यात जास्त ४१. आणि पूर्ण वेळ गाणी लावलेली, ‘स्पीकर ऐका मॅडम.’ मी आवाज बंद केला, कारण सीव्हीटीला जोरात रेस केलं की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो, रबर ताणल्यासारखं, ते किती होतंय हे मला ऐकायचं होतं. त्यानं पुन्हा सुरू केली. मी पुन्हा बंद केली. मग त्यानं सनरूफ उघडलं.

आता मला काय बघायचं होतं ते लिहिते, कारण सहा फोनमध्ये हे कोणी विचारलंच नाही.

माझी आई ७९ वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. हॅचबॅकमध्ये ती बसत नाही, पडते, आणि उतरताना तिला दोघांनी ओढावं लागतं. भावाच्या मोठ्या एसयूव्हीत चढायला तिला पाट ठेवावा लागतो. म्हणून ही मधली जात. तुम्ही ब्रोशरमध्ये एसयूव्ही लिहिता, पण आतून ती कारच आहे, फक्त सीट कमरेच्या उंचीला आलेली. आईची एक पद्धत आहे. दाराकडे पाठ करायची, वरचं हँडल धरायचं, आधी टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. दाराचा उंबरा रुंद असेल तर पोटऱ्या त्याला घासतात आणि साडीला रस्त्याची धूळ लागते. हे शोरूममधल्या चकचकीत गाडीत कळत नाही. तरी तिला तिथं बसवून बघायला म्हणून मी दार उघडलं, तर दुसरा एक जण धावत आला, ‘आजी, सीटचं प्लॅस्टिक काढायचं नाहीये.’ कोणी काढत नव्हतं.

दुसरं, आमच्या सोसायटीचा बेसमेंटचा रॅम्प. मधोमध डावीकडे वळतो. खालून कोणी वर येत असेल तर त्या वळणावरच थांबावं लागतं, मागे कोणाची तरी स्कूटर. तिथं हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय, दोनतीन सेकंद धरतं, पुढं काय, हे बघायचं होतं. शोरूमपासून आमची सोसायटी दीड किलोमीटर. नको म्हणाले. प्रायव्हेट पार्किंगमध्ये इन्शुरन्स चालत नाही म्हणे. कुठल्या पॉलिसीत असं लिहिलंय ते दाखवा म्हटलं, तर ‘मॅनेजर सर लंचला गेलेत.’ एसयूव्ही म्हणून विकता, डोंगरावर उभी करून फोटो काढता, आणि सोसायटीच्या रॅम्पला घाबरता?

तिसरं, घाट. महिन्यातून दोनदा मी साताऱ्याला जाते. जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो, येताना बोगदा आहे. सध्याच्या गाडीत चार माणसं असली की एसी बंद करून दुसऱ्या गिअरवर चढवते, आई पुठ्ठ्यानं वारा घेते. नवी गाडी घेण्याचं निम्मं कारण तो घाट आहे. आता मी काही खंबाटकी मागितला नव्हता. चार माणसं बसवून कात्रजचा जुना घाट एकदा, एवढंच. याच महिन्यात दुसऱ्या एका कंपनीनं तो मला विनातक्रार चढू दिला. तुमचे मॅनेजर जेवून आल्यावर म्हणाले, ‘बुकिंग करून टाका मॅडम, मग घाट काय, महाबळेश्वरला जा.’ आधी लग्न करा, मग मुलगी दाखवतो.

कोटेशनबद्दल थोडक्यात. रोड टॅक्सचे बारा टक्के बरोबर आहेत. ‘हँडलिंग चार्जेस’ कशाचे? गाडी माझ्यापर्यंत आणणं हा तुमचा धंदा आहे, माझ्यावरचा उपकार नाही. इन्शुरन्स तुमच्याचकडून घ्यायची सक्ती करता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दहा लाखांवरच्या गाडीवर जो एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेता त्यापुढे सेल्समननं पेनानं ‘नॉन रिफंडेबल’ लिहून दिलंय. तो माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या कराच्या उताऱ्यात, दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो. कागद जपून ठेवला आहे, माझ्या ज्युनिअरांना दाखवायला उपयोगी पडेल.

सोमवारी १७ तारखेला तक्रार नोंदवली. तेव्हापासून प्रत्येक फोनला तीच कथा पहिल्यापासून. एकानं ‘मुलगा नवीन आहे, सांभाळून घ्या’ म्हटलं. मी का सांभाळून घ्यायचं? त्याला शिकवा. त्याचा दोषही मी फार धरत नाही, त्याला कोणी तरी हे पढवलंय. एकीनं दिलगिरी व्यक्त केली आणि फोन ठेवायच्या आधी तिच्या कॉलला दहापैकी दहा द्यायला सांगितलं.

मला हवंय ते असं. माझ्या नावावरची ती ‘कम्प्लीट’ नोंद आणि पाच स्टार आठ दिवसांत काढून टाका, आणि ते कोणी टाकले ते लेखी कळवा. मला सांगितलेल्या व्हेरियंटची गाडी, पेट्रोल भरून, रॅम्पवर आणि कात्रजला नेऊ देणार की नाही, हो किंवा नाही एवढं कळवा. आणि हँडलिंग चार्जेसचा आधार. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायला मला कोणाची परवानगी लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, हेही मला माहीत आहे. मी अजून पैसे दिलेले नाहीत, देण्याचं कबूलही केलेलं नाही, तेव्हा मी कायद्यानं ग्राहकच नाही असं तुमचा विधी विभाग म्हणेल. म्हणू दे. मी ग्राहक नाही हे तुमच्याच लेटरहेडवर लिहून आलं तर मला दुसरीकडे जायला तेवढं सोपं.

खरं सांगायचं तर मला दुसरीकडे जायचं नव्हतं. ती २०१२ ची गाडी एक लाख अठरा हजार किलोमीटर चालली आहे, एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. तेरा वर्षं कोणी गाडी कुठली घेऊ विचारलं की मी तुमचं नाव सांगत आले. माझ्या सांगण्यावरून ऑफिसमधल्या दोघांनी आणि एका नणंदेनं गाड्या घेतल्या. तेव्हाच्या तुमच्या सेल्समननं मला गाडी दिली होती आणि म्हणाला होता, ‘या फिरवून, मी इथंच आहे.’ एकटीला. अर्धा तास.

– तुमच्या नोंदीनुसार पूर्ण समाधानी ग्राहक

ता. क. उत्तर ईमेलवर द्यावं. फोन करायचाच असेल तर माझ्या नंबरवर करावा. फॉर्मवर फक्त माझाच नंबर आहे. कोटेशन यजमानांच्या व्हॉट्सॲपवर कसं गेलं, त्यांचा नंबर तुमच्या माणसानं केव्हा मागून घेतला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी ते उघडून पाहिलंही नाही. पण रोज सकाळी त्यांना ‘गुड मॉर्निंग सर, गाडीचं काय ठरलं?’ असा मेसेज येतो, तो आधी बंद करा.