‘गळक्या आतड्या’ची पावडर आणि बंद पडलेल्या गोळ्या

महोदय,

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत ‘गळके आतडे’ या विषयावर आलेला मजकूर वाचला. आतड्याचे अस्तर सैल झाले की नाना आजार होतात आणि पावडर घेतली की ते पूर्ववत होते, असा त्याचा एकंदर सूर होता. बार्शीत माझे औषधांचे दुकान आहे आणि धाकट्या बहिणीला क्रोन्स हा आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

अस्तर सैल होते, हे खरेच आहे. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांनी घट्ट जखडलेल्या असतात. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या तशाच आजारात सूज भडकली की टीएनएफसारखे सूज वाढवणारे शरीरातलेच घटक ही पकड ढिली करतात. मग जंतूंचे अंश अस्तराखाली उतरतात आणि सूज आणखी वाढते. हे मोजताही येते. लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन साखरा पाण्यातून देऊन पुढचे काही तास लघवी गोळा करतात. लॅक्टुलोजचा रेणू मोठा असतो. मॅनिटॉलच्या मानाने तो लघवीत जास्त उतरला, तर अस्तर सैल आहे असे समजतात. क्रोन्सच्या रुग्णांच्या निरोगी नातलगांवर कॅनडातून चालवलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. ज्यांच्यात हे प्रमाण वाढलेले होते, त्यांच्यात पुढे क्रोन्स होण्याचे प्रमाण जास्त आढळले. मीही रुग्णाचा भाऊच. ही तपासणी मी करून घेऊ का, असे बहिणीच्या डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, ‘वाढलेले निघाले तरी आज त्यावर द्यायला माझ्याकडे काही नाही.’ हे सरळ उत्तर मला पटले.

‘झोन्युलिन’ या पेशींमधली पकड सैल करणाऱ्या प्रथिनाच्या नावाने होणाऱ्या रक्ततपासण्यांवरही विसंबता येत नाही. बाजारातले किट मुळात झोन्युलिन मोजतच नाहीत, असे 2018 मध्येच संशोधकांनी दाखवून दिले आहे.

मध्यंतरी एक तरुण दुकानात आला. हातातल्या पिशवीत पावडरीचा डबा. गुडघे धरलेत म्हणून डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी मागत होता. सहज चौकशी केली, तर कळले की कोलायटिस आहे आणि पावडर सुरू केल्यापासून मेसालामाइन हे त्यावरचे नेहमीचे औषध बंद. शौचातून पुन्हा रक्त पडू लागले होते, तेही त्याने हळू आवाजात सांगितले. सांधे दुखणे हा पुष्कळदा याच आजाराचा भाग असतो, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तर हेच अस्तर आणखी ढिले करतात. मी गोळी दिली नाही, डॉक्टरांकडे धाडले.

सूज आटोक्यात आली की अस्तर सावरते. क्रोन्समध्ये टीएनएफला रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध दिल्यावर तसे झाल्याचे नोंदले गेले आहे. पुरवणीत यातले अवाक्षर नव्हते. त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत एखाद्या पोटविकारतज्ज्ञाचा लेख छापा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळ्या बंद करू नयेत हे त्यात पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या.

– एक औषधविक्रेता, बार्शी