पासवर्ड बदलून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-मेल सुरक्षेवरची कालची चौकट वाचली. विषय घेतलात, आभार. पण ‘दर महिन्याला पासवर्ड बदला’ हा त्यातला पहिलाच सल्ला कुठल्या जमान्यातला? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 मध्येच सांगून टाकलंय की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. माणसं शेवटचा आकडा तेवढा पुढे सरकवतात. खातं फुटल्याचा संशय आला, की बदला.

आणि तेव्हाही नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याचं खातं फुटलं. पासवर्ड बदलला, पुन्हा बदलला, तरी बिलांच्या मेल बाहेर जातच राहिल्या. शेवटी समोरच्या पार्टीने भलत्याच बँक खात्यात पैसे भरले. चोराने सेटिंगमध्ये फिल्टर लावून ठेवला होता: ‘पेमेंट’ शब्द असलेली मेल त्याच्या पत्त्यावर जायची आणि व्यापाऱ्याच्या इनबॉक्समधून गायब व्हायची. पासवर्ड बदलल्याने असा फिल्टर पुसला जात नाही. मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये तो दिसतही नाही. संगणकावर जीमेल उघडून सगळ्या सेटिंग्जमध्ये जायचं आणि फिल्टरचं, फॉरवर्डिंगचं अशी दोन्ही पानं तपासायची. खात्यांच्या पानावर आपल्या खात्यात शिरायची परवानगी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही ना, तेही बघायचं. चौकटीत यातलं एक अक्षर नाही.

त्याच खात्यात आणखी एक गोष्ट निघाली. रिकव्हरी नंबर (पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायचा नंबर) मालकाचा नव्हताच, मोबाइल विकणाऱ्या दुकानातल्या पोऱ्याचा होता! आपल्या खान्देशात हे घरोघरी आहे. नवा फोन घेतला की दुकानदार म्हणतो, ‘आन तो मोबाइल, मी करी देस.’ खातं तो उघडतो, पासवर्ड तो ठेवतो (नाव आणि पुढे 123), नंबरही स्वतःचाच टाकतो. फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रांवरही तेच. ज्याच्या हाती रिकव्हरी नंबर, त्याच्या हाती खातं. ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं की ओटीपी त्याच्याकडे जाणार. म्हणून खातं फुटल्यावर आधी रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ई-मेल आपला करायचा, मग पासवर्ड बदलायचा, मग अनोळखी फोन-संगणक साइन आउट करायचे, आणि खात्याशी जोडलेल्या परक्या ॲपची परवानगी काढायची. पासवर्ड बदलला तरी ही परवानगी तशीच राहू शकते. जुनं सिम सोडण्याआधीही नंबर बदलून घ्या. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो, मग तुमचा ओटीपी त्याच्या खिशात.

दुहेरी पडताळणीला (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याच्या सोयीला) आपण अर्धी ओळ दिलीत, तीही ‘एसएमएसवर कोड येईल’ एवढीच. धडगाव-मोलगीकडे रेंज नसते तिथे काय करायचं? ऑथेंटिकेटर ॲपला नेटवर्क लागत नाही. सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो आणि दर 30 सेकंदांनी बदलतो. फक्त फोनचं घड्याळ ‘ऑटोमॅटिक’वर हवं, वेळ पुढेमागे असली तर कोड चालत नाही. फोन हरवला तर? गूगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. फोनमध्येच फोटो काढून ठेवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

‘नको असलेल्या मेल अनसबस्क्राइब करा’ हेही अर्धवट. ज्या दुकानातून खरेदी केली त्याचं ठीक. अनोळखी मेलमधली ‘अनसबस्क्राइब’ची लिंक दाबली, की पत्ता चालू आहे हे पलीकडे कळतं. तिथे ‘स्पॅम कळवा’ एवढंच करायचं. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. हा नंबरही आपल्या चौकटीत नव्हता, जागा बहुधा शेजारच्या ‘घरबसल्या कर्ज’ या जाहिरातीला लागली असावी.

जाता जाता: वाचकांच्या पत्रांखाली आपण मोबाइल नंबर आणि ई-मेल सर्रास छापता, आणि तेच पान इंटरनेटवरही टाकता. पत्ते गोळा करणारे प्रोग्राम असलीच पानं चाळत असतात. नाव आणि गाव पुरे नाही का? निदान या पत्राखाली तरी तेवढंच छापावं.

आपला,
एक वाचक, धुळे