वहिनी, त्या दुसऱ्या स्टुलासाठी

वहिनी,

हे तोंडावर सांगायला गेले असते, तर "पुरे गं, कढईकडे बघ" म्हणून तुम्ही विषय बदलला असतात. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय. आपल्या नात्यागोत्यातल्या काही मंडळींच्या नजरेस पडलं तर उत्तमच.

माझ्या या अंगभर दुखत राहणाऱ्या आजाराचं फायब्रोमायल्जिया हे नाव हाती येण्याआधी मला बरीच नावं मिळाली होती. नाजूक, आळशी. नाटकी हे मात्र पाठीमागे. एका डॉक्टरांनी रिपोर्ट वरवर चाळले, "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, एखादा छंद लावून घ्या" म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली. मला टेन्शन नव्हतं हो, मला दुखत होतं. मान, खांदे, कंबर, मांड्या. रात्रभर झोपूनही उठताना आदल्या रात्रीपेक्षा जास्त दमलेली. घरी आल्यावर हे म्हणाले, "बघ, नॉर्मल आहे ना!" आणि आनंदाने म्हणाले, तेच जास्त लागलं. मावससासूबाईंचं पालुपद तुम्हाला पाठच आहे: चांगली तर दिसतेस की!

तुम्ही मात्र संधिवाताच्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर आलात आणि, आयुष्यभर बारावीला केमिस्ट्री शिकवल्यामुळे असेल, थेट विचारलंत, "रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कुठून?" त्या बाई भल्या, त्यांनी घड्याळाकडे न बघता सांगितलं. हा आजार पकडणारी रक्ततपासणी नाही. तपासण्या करतात त्या थायरॉइड, आमवात असलं दुसरं काही नाही ना, हे बघायला. १९९० च्या निकषांत अंगावरचे १८ ठरावीक बिंदू दाबून बघायचे, त्यांतले ११ दुखले पाहिजेत. २०१० पासून त्याऐवजी किती भागांत दुखतं, झोपेने ताजंतवानं वाटतं का, थकवा किती, डोकं चालेनासं होतं का आणि हे सगळं तीन महिने टिकून आहे का, यावरून ठरवतात. सांधे झिजत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जूच वेदनेचा निरोप वाढवून घेतात. मी ऐकता ऐकता निम्मं विसरले, तुम्ही लिहून घेतलंत.

त्याच संध्याकाळी सासूबाईंना म्हणालात, "आई, विसर्जनाला लक्ष्मी रोडवर उभं राहिलं की ढोल थेट छातीत वाजतो ना? हिच्या अंगाला साधा धक्कासुद्धा तसा वाजतो." सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पाठीवर थोपटते तेव्हापण?" इतकी वर्षं मी जे सांगू शकले नाही ते त्यांना तेव्हा कळलं.

ड्युलॉक्सेटिनची गोळी सुरू झाली तेव्हा यांनी मोबाईलवर शोधलं आणि "ही तर डिप्रेशनची गोळी, म्हणजे शेवटी मानसिकच" असा निकाल दिला. तुम्ही भाजी निवडतानाच उत्तर दिलंत, "भाऊजी, ती गोळी ज्या रसायनांवर चालते, तीच मज्जारज्जूत वेदनेला आवर घालतात. एका गोळीला दोन कामं असू नयेत का?" यावर बोलायला काही उरलं नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. गौरीजेवणाच्या दिवसासाठी आहे.

पेठेतलं आपलं स्वयंपाकघर केवढं, त्यात बायका किती! मी ठरवूनच आले होते, गोळी घ्यायची आणि ओट्याशी उभं राहायचं, कुणाच्या तोंडी लागायचं नाही. आत आले तर माळ्यावरचं काढायचं ते उंच लाकडी स्टूल ओट्याला लावलेलं, आणि शेजारी तसंच आणखी एक. आपल्या घरात ते एकच आहे. दुसरं तुम्ही सकाळीच खालच्या काकूंकडून आणवून ठेवलं होतंत, हे मला मागाहून कळलं. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली वर्तमानपत्राची घडी सरकवून तुम्ही त्यावर बसलात, आणि पहिल्याकडे हात करून मला म्हणालात, "घे, पुरण भर."

तुमचे गुडघे ठणठणीत आहेत, वहिनी. पर्वती चढता तुम्ही. तुम्हाला स्टुलाची काडीचीही गरज नव्हती. पण एकच स्टूल असतं तर मी आजारी म्हणून बसलेली आणि बाकीच्या माझ्यामुळे राबणाऱ्या, असं झालं असतं. दोन होती, म्हणून आपण नुसत्या बसून पोळ्या करणाऱ्या दोघी जावा होतो. मावससासूबाईंनी विचारलंच, "आज काय, बसून?" तुम्ही लाटणं न थांबवता म्हणालात, "उभ्याने लाटली की पोळी जास्त फुगते का?" पुण्यात राहण्याचे काही फायदे असतात.

मदत करणारी माणसं कमी नसतात. पण बहुतेकांची मदत घेतली की आपण त्यांच्यासमोर जरा बुटके होतो. तसं होऊ न देणारी फार थोडी. अशांचा कुठे सत्कार होत नाही, आणि केला तरी ती येणार नाहीत.

"तळजाईला चालायला जा, सगळं पळेल" म्हणणारेही अगदीच चुकीचे नव्हते, हे मान्य करावं लागेल. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजारावर ठाम शिफारस केली आहे ती केवळ व्यायामाचीच. फक्त पहिल्याच दिवशी टेकडी नव्हे. सारसबागेत तुम्ही माझ्या चालीने चाललात आणि मी थांबले तेव्हा "एवढ्यात?" म्हणाला नाहीत. आता मी तिथे एकटीही जाते.

एक काम मात्र राहिलंय. यांच्या तोंडचं "काल तर बरी होतीस" हे वाक्य काही सुटत नाही. आज बरं, उद्या नाही, हा या आजाराचा स्वभावच आहे, हे मी सांगून थकले. तुमच्या दिराला तुम्हीच एकदा समजवा. तुमचं ऐकतात. रविवारी जेवायला येताय, तेव्हाच विषय काढा, आमटी वाढण्याआधी.

तुमची,
धाकटी जाऊ