एम.टेक. की वेगळा विषय, हे फायनल इयरच्या प्रोजेक्टात तपासू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आमच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटमधली फायनल इयरची पोरं एकेक करून केबिनमध्ये येतात आणि प्रश्न एकच, मॅडम एम.टेक. करू की फील्डच बदलू. हल्ली विचारणारे जास्त झालेत, कारण फ्रेशर्सची भरती पूर्वीसारखी राहिली नाही आणि त्यात एआयची धास्ती. तुमच्या करिअर पुरवणीत या विषयावर बरंच येतं, पण त्यात कटऑफ आणि पॅकेज सोडून फारसं काही नसतं म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं असं की बहुतेक पोरं हा निर्णय घाबरून घेतायत, कुठलाही घेतला तरी. प्लेसमेंट झाली नाही म्हणून एम.टेक., म्हणजे दोन वर्षं निघतील आणि मोठ्या कॉलेजचं नाव लागेल. नाहीतर कोडिंगला आता भविष्य नाही असं कुणीतरी म्हटलं म्हणून एमबीए किंवा एमपीएससी. त्या विषयात आपलं मन रमतं का हे कुणी आधी बघतच नाही.

एम.टेक.ला दुसरं वर्ष जवळजवळ सगळं थिसिसचं असतं, एकाच प्रॉब्लेमपाशी महिनोनमहिने बसायचं, रिझल्ट येत नाहीत, गाइड म्हणतात परत करा. गेट पास होऊन गेलं तर सरकारी स्टायपेंड महिन्याला १२,४०० रुपये, त्यात होस्टेल-मेस कसंबसं भागतं, घरी पाठवायला काही उरत नाही, त्यामुळे ज्याच्या घरी एज्युकेशन लोनचे हप्ते सुरू होणारेत त्याने आधी नोकरी बघितली तर त्यात कमीपणा काहीच नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तोपर्यंत विचार करायला वेळ आहे. पण ज्या पोराने सबमिशन संपल्यावरसुद्धा कंपायलरचं असाइनमेंट परत उघडलं, उगाच, मार्क नसताना, त्याने बिनधास्त जावं, एआय आला तरी जावं.

आता फील्ड बदलणं. "चार वर्षं वाया घालवणार का" हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकलंय! अहो, वाया कशी जातील? थर्ड इयरला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये चॉम्स्कीची हायरार्की शिकवतो आम्ही, म्हणजे व्याकरणांची टाइप ० ते टाइप ३ अशी उतरंड, पोरं पाठ करतात, पण हा माणूस मुळात भाषाशास्त्रज्ञ आहे आणि त्याने हे १९५६ मध्ये माणसाच्या भाषेचं व्याकरण समजून घेताना मांडलं, हे वर्गात सांगितलं की निम्मी पोरं चमकतात. तसंच गेल आणि शॅप्लीचं स्टेबल मॅचिंग, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमावरून जोड्या अशा लावायच्या की कुठल्याही दोघांना आपापली जोडी मोडून एकत्र यावंसं वाटू नये. १९६२ चा पेपर, अल्गोरिदमच्या पुस्तकात असतो, आणि त्याच कामाच्या पायावर शॅप्लीला २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आल्विन रॉथसोबत. जोसा या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आयआयटी-एनआयटीच्या सीट वाटतात ना, त्याच्या मुळाशीही हेच आहे. मग अर्थशास्त्राकडे जाणारी पोरगी कॉम्प्युटर सोडून चालली असं कसं म्हणायचं?

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ ला गोव्यात जन्म, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, पुढे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत गणितच, आणि तोच माणूस प्राचीन आहत (ठसे मारलेली) नाणी तराजूत टाकून वजनं करत बसला, कारण नाणं हातोहात फिरून झिजतं, म्हणजे वजनाच्या हिशेबावरून त्याचं वय आणि क्रम लावता येतो. गणित त्यांनी टाकलं नाही, इतिहासात आणलं. आणि अगदी कॉम्प्युटरवालाच हवा असेल तर डेमिस हसाबिस घ्या, केंब्रिजची कॉम्प्युटरची डिग्री, मग मेंदूविज्ञानात पीएचडी, आणि २०२४ ला नोबेल कशाचं, तर केमिस्ट्रीचं.

दारंही पूर्वीइतकी बंद नाहीत. गेटमध्ये २०२१ पासून ह्युमॅनिटीजचा पेपर आहे, त्यात अर्थशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, इंग्रजी असे विभाग. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेतही २०२१ पासून अर्थशास्त्र आहे. डिझाइनसाठी सीड ही प्रवेश परीक्षा आहे, आयआयटी मुंबईचं डिझाइनचं आयडीसी १९६९ पासून चालू आहे, पुण्यात भाषाशास्त्रासाठी डेक्कन कॉलेज आहे. यूजीसीच्या २०२४ च्या पीजी फ्रेमवर्कमध्ये तर स्पष्ट आहे की प्रवेश परीक्षा पास झाली तर ग्रॅज्युएशनचा विषय वेगळा असला तरी चालेल. पण याचा अर्थ सोपं आहे असा मुळीच नाही. अर्थशास्त्र म्हणजे शेअर मार्केट समजून जाणारा पहिल्या सेमिस्टरलाच गडबडतो, तिथे मायक्रोइकॉनॉमिक्सचे प्रूफ असतात, कॅल्क्युलस पक्कं लागतं जे आपल्या पोरांनी एम-थ्री (इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर) पास झाल्यावर विसरून टाकलेलं असतं, आणि शेजारी बीए करून आलेली मुलं तीन वर्षं पुढे असतात.

म्हणूनच तपासणी आधी हवी आणि त्याची जागा म्हणजे फायनल इयरचा प्रोजेक्ट, दोन सेमिस्टर हातात असतात. पण होतं काय, दरवर्षी तेच, चेहरा ओळखून अटेंडन्स, नाहीतर हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम, कोड बाहेरून विकत आणलेला. हे बघून मला खरंच वाईट वाटतं. भाषाशास्त्राची ओढ असलेल्या मुलीला मराठीच्या बोलींवर काम करू द्या ना, वऱ्हाडी आणि मालवणीचं रेकॉर्डिंग गोळा करून त्यावर स्पीच मॉडेल किती चुकतं ते बघू दे, सोबत ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा भाषाशास्त्राचा एखादा कोर्स परीक्षेसकट करू दे. अर्थशास्त्रवाल्याला बाजार समितीचे कांद्याचे रोजचे भाव घेऊन बसू दे. वर्षभरात कळतं, त्याला डेटा साफ करण्यातच मजा येत होती की भाव का पडला या प्रश्नाने झोप उडत होती. पहिलं असेल तर एम.टेक., दुसरं असेल तर अर्थशास्त्र, आणि काहीच नाही वाटलं तर नोकरी करत आणखी दोन वर्षं विचार करावा.

यासाठी एवढंच लागतं की डिपार्टमेंटने बाहेरच्या विषयाचा सहगाइड मान्य करावा, जवळच्या आर्ट्स-कॉमर्स कॉलेजमधले एखादे सर चालतील. आमच्याकडे हे मागितलं की "सिलॅबसमध्ये बसत नाही" असं उत्तर येतं. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी येत्या वर्षीच्या प्रोजेक्टच्या नियमावलीत ही एक ओळ घालावी. आणि संपादक महाशय, तुमच्या पुरवणीत गेटच्या कटऑफशेजारी जॅम, सीड आणि ह्युमॅनिटीज पेपरच्या तारखाही छापा, कारण खेड्यातून आलेल्या कितीतरी पोरांना या परीक्षा असतात हेच फॉर्मची तारीख गेल्यावर कळतं.

आपली,
कॉम्प्युटर विभागातली एक शिक्षिका, सांगली