रविवारच्या फिरण्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर आई "छान झालं गं सगळं" म्हणून विषय संपवते, म्हणून लिहितेय. रविवारी जरा जास्तच पळवलं तुम्हाला. मी आदल्या दिवशी लिस्ट करून बसलेले, आधी हे दुकान मग तो कॅफे मग ते नवीन बुटीक, आणि तुम्हाला काय बघायचंय ते विचारायचं राहूनच गेलं.

आई, सरकत्या जिन्यापाशी तू एक पाय पुढे करून थांबलीस आणि मी वरून ओरडले, "चल ना, लोक खोळंबलेत!" खरं तर मागे एकच काका होते आणि ते आरामात फोन बघत होते. घाई मलाच होती. लिफ्ट होती की शेजारीच. बाबा मात्र कडेच्या ब्रशवर बूट घासत ऐटीत वर आले! बाबा, ते ब्रश बूट पुसायला नसतात हो, पाय कडेच्या फटीपासून लांब राहावा म्हणून असतात, प्लीज मधे उभे राहत जा.

आणि तो कॅफे. पाठ नसलेली उंच स्टुलं, बाबांचे पाय लटकतायत, गाणी एवढी मोठ्याने की तिघंही "काय?" "काय?" करतोय आणि मेनू कार्डच नाही, क्यूआर कोड स्कॅन करा म्हणे. बाबा चष्मा कपाळावर चढवून फोन लांब धरून बसलेले. घरी येऊन वाचलं तर हा कोड १९९४ मधे जपानमधे गाड्यांच्या पार्ट्सची नोंद ठेवायला काढलेला. म्हणजे बाबा, "मी काय स्पेअर पार्ट आहे का" हे तुम्ही बरोबरच बोललात :)

पुढच्या वेळी दोनच दुकानं, आणि आधी बसायची जागा बघायची, मग बाकीचं.

हां, आई, तो निळा कुर्ता. तू तो उलटा करून शिवण चिमटीत धरलीस आणि त्या सेल्सगर्लसमोरच म्हणालीस, "आत शिवणीला माया म्हणून जादा कापड सोडलंच नाहीये, उसवला तर काय करणार?" मला इतकं ऑकवर्ड झालं की निव्वळ तेवढ्यासाठी मी तो घेतला. पहिल्याच धुण्यात काखेत उसवला. घेऊन येतेय शनिवारी, बघ काही करता येतं का.

तुमची,
चिमी