मुक्ताला, ‘सफायर’ लावण्याआधी

लंडन

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या फिल्म क्लबात युरोपातले जुने थरारपट दाखवून त्यात कोणाला जागा मिळाली यावर चर्चा घ्यायची म्हणतेस, तर सगळा युरोप कोंबू नकोस. ब्रिटिश दिग्दर्शक बॅसिल डिअर्डनचे तीन पुरेत: ‘पूल ऑफ लंडन’ (१९५१), ‘सफायर’ (१९५९) आणि ‘व्हिक्टिम’ (१९६१). प्रत्येक साधारण दीड तासाचा, म्हणून आठवड्याला एकच, आणि याच क्रमाने. सबटायटल्स हवीतच, खलाशांची इंग्रजी बोली मुलांना झेपणार नाही.

पहिल्यात अर्ल कॅमेरन जॉनी नावाचा जमैकन खलाशी आहे. तिकिटं विकणाऱ्या एका गोऱ्या मुलीसोबत तो लंडनभर हिंडतो, पण ओढ ओठांवर येत नाही. जॉनी जरा जास्तच भला रंगवलाय.

‘सफायर’मध्ये तोच कॅमेरन डॉक्टर होऊन येतो. लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथ या माळावर सफायर नावाच्या एका मुलीचं प्रेत सापडतं, सगळे तिला गोरी समजून चाललेले, आणि तिचा भाऊ म्हणून पोलीस ठाण्यात काळा माणूस उभा राहतो. तिथे सिनेमा थांबवून समजावत बसू नकोस, आधी धक्का बसू दे. लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या वर्णद्वेषी दंगली आदल्याच वर्षीच्या, हे नंतर सांग. पुढचा तपास हे निमित्त आहे. पोलिसाला कोणाच्याही घरात शिरता येतं, म्हणून घरमालकीण, मैत्रीण, होणारं सासर अशा सगळ्यांच्या तोंडून पोटातलं बाहेर पडतं.

पण एक प्रसंग मला फार सलतो. सिनेमातल्या नाचाच्या क्लबात बोंगो ढोल वाजू लागतात आणि एका गोऱ्या दिसणाऱ्या मुलीचं अंग आपसूक डोलतं. रक्त लपत नाही म्हणे! पूर्वग्रहाविरुद्ध काढलेल्या सिनेमाने हा पूर्वग्रह मात्र खरा धरला. साध्या स्कर्टखालच्या लाल पेटीकोटचाही अर्थ तसाच लावलाय. तो रंग दिसायला हवा, तेव्हा प्रोजेक्टर आदल्या दिवशी तपास. लाल फिका आला तर मुद्दाच हातचा जाईल. शिवाय सफायर झालेली नटी गोरी, आणि जिच्या नावाचा सिनेमा तिलाच बोलायला मिळत नाही. शेवटी मुलं खुनी शोधतील. त्यांना बाहुलीकडे बघायला सांग. का, ते सांगू नकोस.

‘व्हिक्टिम’ कृष्णधवल आहे. पुरुषांमधले संबंध तेव्हा इंग्लंडात गुन्हा होते, त्यामुळे ज्याला लुबाडलं जातंय त्याला पोलिसांत जायची सोय नाही; ब्लॅकमेलचं सगळं गणित एवढंच. नायक बॅरिस्टर, म्हणजे कायदा कुठे चावतो हे त्याला नेमकं ठाऊक. नायक झालेला डर्क बोगार्ड बायकोसमोर कबुली देतो तो प्रसंग एकदा झाल्यावर पुन्हा लाव, दुसऱ्यांदा फक्त तिच्या चेहऱ्यासाठी. तिथला कायदा १९६७ मध्ये सैल झाला, तोही एकवीस पूर्ण झालेल्यांसाठी आणि चार भिंतींच्या आत. असेच संबंध गुन्हा ठरवणारं आपलं ३७७ कलम इंग्रजांच्याच १८६० च्या दंड संहितेतलं होतं, आणि संमतीचे संबंध गुन्हा नाहीत हा सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१८ चा. हा हिशेब फळ्यावर मांडच.

‘सफायर’च्या चर्चेआधी मुलांना एक काम दे: तिच्याविषयी कोण काय बोललं त्याची यादी करायची. त्यात तिच्या भावाची वाक्यं किती, ते मोजायला लाव.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी